मादी वगळून केलेले विज्ञान

अपस्मारावरील कोणतेही औषध माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी उंदराच्या पोटात जाते, हे शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तो उंदीर बहुधा नर असतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ज्यांना ठाऊक असते त्यांतील पुष्कळांना त्यात विशेष काही वाटत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, त्यात विशेष वाटण्यासारखे पुष्कळ आहे. कोणाचे शरीर ‘प्रमाण’ मानावयाचे आणि कोणाचे ‘अपवाद’, हा सत्तेचा प्रश्न आहे. सत्तेचा प्रश्न जेथे असतो तेथे ‘हा तज्ज्ञांचा विषय’ असे म्हणून समाजवाद्यांनी बाजूला होणे, म्हणजे तो प्रश्न प्रस्थापितांच्या बाजूने सोडवून टाकणे होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अपस्माराचा अभ्यास करण्यासाठी प्राण्यांत कृत्रिम रीतीने झटके आणतात. कधी डोळ्याच्या बाहुलीवर अथवा कानाला विजेचा धक्का देऊन, कधी पेंटिलीनटेट्राझोल, कायनिक आम्ल किंवा पायलोकार्पीन ही रसायने टोचून. जे रसायन हे झटके थांबवते, ते औषध होण्याच्या रांगेत उभे राहते. अमेरिकेच्या सरकारने १९७५ साली अशा रसायनांची चाळणी लावण्याचा एक मोठा कार्यक्रम सुरू केला. गेल्या अर्धशतकातील कित्येक औषधे त्या चाळणीतून गेलेली आहेत. त्या चाळणीच्या मूळ चाचण्या ठरावीक जातीच्या नर उंदरांवर बेतलेल्या होत्या. अपस्मारापुरतीच ही रीत होती असेही नाही. बिअरी आणि झुकर या संशोधकांनी २०११ साली जीवशास्त्राच्या दहा शाखांतील प्राणिप्रयोगांची मोजदाद प्रसिद्ध केली. दहांपैकी आठ शाखांत नरांकडे झुकाव आढळला. तो सर्वांत अधिक होता मेंदूविज्ञानात: केवळ माद्यांवर केलेल्या एका अभ्यासामागे केवळ नरांवर केलेले साडेपाच अभ्यास.

म्हणजे स्त्री आणि पुरुष या दोघांनाही होणाऱ्या रोगाचे ज्ञान आपण प्रामुख्याने एकाच्या शरीरावरून मिळवले, आणि औषध मात्र दोघांनाही विकले.

‘चंचल मादी’ची साळसूद सबब

या रीतीचे समर्थन ठरलेले आहे. मादीच्या शरीरात चार-पाच दिवसांचे माजाचे चक्र असते. संप्रेरके खालीवर होतात. त्यामुळे निष्कर्ष विस्कळीत होतात. म्हणून ‘शुद्ध’ निष्कर्षासाठी नर बरा. हा युक्तिवाद इतका सहज केला जातो की तो कधी तपासून पाहावा असे कित्येक दशके कोणाला फारसे वाटले नाही. २०१४ साली प्रेंडरगास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला. २९३ शोधनिबंधांतील मोजमापे एकत्र करून त्यांनी पाहिले की, माजाच्या चक्राकडे मुळीच लक्ष न देता माद्या घेतल्या तरी त्यांच्यातील विस्कळीतपणा नरांहून अधिक नसतो. काही गुणांच्या बाबतीत तर नरच अधिक विस्कळीत निघाले. याचे एक कारण समजण्यास कठीण नाही. एका पिंजऱ्यात चार नर ठेवले की त्यांच्यात वरचढपणाची उतरंड तयार होते. वरच्या नराचे टेस्टोस्टेरॉन आणि दबलेल्या नराचे टेस्टोस्टेरॉन यांत मोठी तफावत पडते. पण या तफावतीला कोणी ‘संप्रेरकांचा गोंधळ’ म्हणत नाही. संप्रेरके असतात ती मादीला. नराला असते ती प्रकृती! शतकानुशतके घराघरांतून चालत आलेली ही समजूत पांढरा झगा घालून प्रयोगशाळेत शिरली आणि तिला शास्त्रीय पद्धती असे नाव मिळाले.

या सबबीचा खोटेपणा आणखी एका गोष्टीने उघड होतो. नव्या रसायनाची तीव्र विषबाधा मोजण्यासाठी ओईसीडी या श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेने ज्या पद्धती घालून दिल्या आहेत, त्यांत सामान्यतः मादीच वापरावी असे सांगितलेले आहे. कारण, जेथे फरक दिसतो तेथे मादी किंचित अधिक संवेदनशील ठरते. तेथे माजाचे चक्र आडवे येत नाही! विष तपासावयाचे असेल तेव्हा मादी चालते. गुण तपासावयाचा असेल तेव्हा तीच मादी ‘चंचल’ ठरते. ज्या शिस्तीला अशी सोयीस्कर विस्मृती होते, तिने वस्तुनिष्ठतेच्या गप्पा जरा बेताने माराव्यात.

जे टाळले तेच ज्ञान होते

याहून गंभीर मुद्दा पुढे आहे. अपस्माराच्या बाबतीत संप्रेरकांची चढउतार हा निष्कर्षातील कचरा नव्हे. रोगाच्या यंत्रणेचे दार तेथेच आहे. माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की, प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या जातीची संप्रेरके उंदरांना गुंगी आणतात व रसायनाने उद्भवणारे झटके रोखतात. १९६२ साली वूली आणि टिमिरास यांनी विजेच्या धक्क्याच्या प्रयोगात दाखवले की, इस्ट्रॅडिऑलने मादीचा झटक्यांचा उंबरठा खाली येतो आणि प्रोजेस्टेरॉनने तो वर जातो. १९८६ साली मायेव्स्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिणामाचे मूळ उकलले. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाच्या ग्राहकावर जवळजवळ बार्बिट्यूरेट औषधांसारखीच क्रिया करतात. त्यांतील प्रमुख द्रव्य म्हणजे ॲलोप्रेग्ननोलोन. १९९० साली कॅथरीन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखवले की, मादी उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात पेशींच्या शाखांवर असलेल्या सूक्ष्म काट्यांची घनता माजाच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात कमीजास्त होते. प्रौढ मेंदूची घडण काही दिवसांत बदलते, हे ज्ञान ‘चंचल’ मादीने दिले. नराच्या पिंजऱ्यासमोर बसून ते मिळाले नसते.

आता स्त्रियांकडे या. पाळीच्या मागेपुढे फेफरे वाढते, हे अपस्मार असलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या आया केव्हापासून सांगत आल्या आहेत. अशा स्त्रियांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे असे आज मानले जाते. पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, त्याबरोबर ॲलोप्रेग्ननोलोनही उतरते, मेंदूवरील लगाम सैल होतो आणि झटका येतो. उंदराच्या मादीला माणसासारखी पाळी येत नाही. म्हणून रेड्डी आणि रोगावस्की यांनी गर्भधारणेचा आभास निर्माण केलेल्या माद्यांत हा उतार कृत्रिम रीतीने घडवून आणला आणि तीच स्थिती उभी केली. त्या स्थितीत व्हॅल्प्रोएटसारख्या नेहमीच्या औषधाची ताकद कमी भरली; उलट ॲलोप्रेग्ननोलोनच्या जातीच्या द्रव्यांची ताकद वाढली. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. एकाच मादीच्या शरीरात, महिन्याच्या एका टप्प्यावर जे औषध पुरे पडते ते दुसऱ्या टप्प्यावर अपुरे पडू शकते. नर उंदरांच्या चाळणीतून ही गोष्ट कधीच खाली पडली नसती. कारण त्या चाळणीला ते भोकच नव्हते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण आपल्याकडे अर्धवट ज्ञानाच्या घोषणा लवकर होतात. ‘इस्ट्रोजेन खलनायक आणि प्रोजेस्टेरॉन देवता’ असे सोपे चित्र खरे नाही. वेलिश्कोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, अगोदर दिलेल्या इस्ट्रॅडिऑलने कायनिक आम्लाच्या दीर्घ झटक्यांनंतर मरणाऱ्या मेंदूपेशींचे रक्षण केले. ज्या विशिष्ट जातीच्या उंदरांना उपजतच शून्यात नजर लावण्याच्या प्रकारचे झटके येतात, त्यांच्यात प्रोजेस्टेरॉनच्या द्रव्यांनी झटके वाढले. नराचे टेस्टोस्टेरॉनही एकमार्गी नाही. शरीरात त्याचा एक भाग इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, दुसरा झटके रोखणाऱ्या द्रव्यात. मात्रा, वेळ, वय, झटक्याचा प्रकार आणि प्राण्याची जात यांवर सारे अवलंबून आहे. पण ही गुंतागुंत मादी वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. ती तर मादी घेण्याचे सर्वांत सबळ कारण आहे. निसर्ग गुंतागुंतीचा आहे म्हणून त्याचा अर्धा भाग पाहू नये, असे म्हणणाऱ्याला वैज्ञानिक कोणी म्हणावे?

पूर्वी कापली, नंतर वगळली

स्त्रीचे शरीर आणि अपस्मार यांचा संबंध वैद्यकाला नवा नाही. तो कोणत्या रीतीने जोडला गेला हे पाहिले, की आजच्या विस्मृतीचा अर्थ कळतो. १८५७ साली लंडनमध्ये सर चार्ल्स लोकॉक या राजघराण्याच्या प्रसूतितज्ज्ञाने, पाळीशी जोडलेल्या ‘उन्मादी’ झटक्यांवर ब्रोमाइड उपयोगी पडते असे सांगितले. ब्रोमाइडने कामेच्छा मंदावते आणि स्त्रीचा झटका कामेच्छेतून येतो, असा त्यामागचा समज होता. औषध खरोखर लागू पडले. समज मात्र खोटा होता. पण सगळेच खोटे समज असे निरुपद्रवी ठरत नाहीत. १८६६ साली आयझॅक बेकर ब्राउन या लंडनच्या शल्यविशारदाने स्त्रियांचा अपस्मार व उन्माद बरा करण्यासाठी त्यांचे शिश्निकाछेदन करण्याचे पुस्तकच लिहिले. १८६७ साली त्याच्याच व्यावसायिक संस्थेने त्याला काढून टाकले. पण तोवर किती स्त्रियांवर सुरी चालली होती!

विसाव्या शतकात सुरी गेली आणि तिच्या जागी वगळणूक आली. थॅलिडोमाइडच्या भयंकर अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवण्याची सूचना काढली. नाव संरक्षणाचे, परिणाम असा की औषध त्यांच्यावर तपासले गेले नाही, पण दिले मात्र गेले. ही सूचना मागे घेण्यास १९९३ साल उजाडले. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा दाखला पुरेसा बोलका आहे. तीही त्याच गाबा-ग्राहकावर काम करते. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांची मात्रा निम्मी करावी, असा आदेश २०१३ साली निघाला. औषध बाजारात येऊन वीस वर्षे झाल्यावर. मधल्या वीस वर्षांत दुप्पट मात्रा घेऊन सकाळी कामावर निघालेल्या स्त्रिया या, म्हणावयाचे तर, प्रयोगशाळेतील न घेतलेल्या माद्याच होत्या. प्रयोग टळला नाही. तो फक्त पिंजऱ्यातून रस्त्यावर आला.

नफ्याचे गणित

एवढे सांगितल्यावर काही उदारमतवादी मित्र म्हणतील, ‘हा पूर्वग्रहाचा दोष आहे; वैज्ञानिकांचे प्रबोधन केले की संपेल.’ प्रबोधन हवेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून संशोधन-अनुदानासाठी लिंगभेदाचा विचार अनिवार्य केला, त्याचा परिणामही दिसला. २००९ साली दोन्ही लिंगांचा समावेश करणारे जीवशास्त्रीय अभ्यास २८ टक्के होते, ते २०१९ साली ४९ टक्के झाले. पण दोन्ही घेऊनही निष्कर्ष लिंगवार वेगळे मांडण्याची सवय बहुतेक शाखांत वाढलेली दिसली नाही. हजेरीपटावर नाव लागले. बोलण्याची पाळी आली नाही.

आणि केवळ पूर्वग्रह म्हणून हे का सुटत नाही, ते प्रोजेस्टेरॉनच्या कथेवरून कळते. प्रोजेस्टेरॉन हे निसर्गदत्त, जुने आणि स्वस्त द्रव्य आहे. त्याच्यावर कोणाची मक्तेदारी नाही. पाळीशी जोडलेल्या अपस्मारावर त्याची मोठी चाचणी हर्झोग यांच्या नेतृत्वाखाली झाली. २०१२ साली तिचे निष्कर्ष आले. तिचा खर्च अमेरिकेच्या सरकारी निधीतून झाला. २९४ स्त्रियांच्या त्या चाचणीत एकंदरीत फरक सिद्ध झाला नाही. मात्र ज्यांचे झटके पाळीच्या दिवसांत ठळकपणे वाढत होते, त्यांना लाभ झाल्याचे दिसले. ही खूण मिळाल्यावर, नेमक्या त्याच स्त्रियांवर दुसरी मोठी चाचणी व्हावयास हवी होती. परंतु ज्या गोळीवर पेटंट नाही तिच्यासाठी कोटी कोटी रुपये कोणते भांडवल ओतील? दुसरीकडे ॲलोप्रेग्ननोलोनला एक मिथिल गट जोडून गॅनॅक्सोलोन बनले. या बदलाला औषधशास्त्रीय कारण आहे. त्यामुळे ते तोंडाने घेता येते आणि पुन्हा संप्रेरकात बदलत नाही, हे मान्य केले पाहिजे. २०२२ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती एका दुर्मिळ आनुवंशिक बालविकारासाठी. त्या मुलांना औषध मिळाले याचा आनंदच आहे. पण पाळीशी जोडलेल्या अपस्मारासाठी म्हणून मान्यता पावलेले एकही औषध तेथे आजवर नाही. सेल्येंच्या उंदरांना आठ दशके होऊन गेली! ज्ञान नव्हते म्हणून हे घडले नाही. ज्ञानाला गिऱ्हाईक नव्हते म्हणून घडले.

व्हॅल्प्रोएटची कथा याच धड्याची दुसरी बाजू आहे. येथे तर मादी वगळलेलीही नव्हती. हे द्रव्य गर्भाला घातक आहे याची चिन्हे १९७०च्या दशकातच प्राण्यांवरील प्रयोगांत दिसली होती. १९८२ साली फ्रान्समधून मातेचे व्हॅल्प्रोएट आणि अर्भकाच्या कण्याची विकृती यांचा संबंध जाहीर झाला. आज माहीत आहे की, गर्भारपणात हे औषध घेणाऱ्या मातांच्या सुमारे दहा टक्के मुलांत जन्मजात विकृती येतात आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. तरी युरोपात कठोर निर्बंध यावयास २०१८ साल लागले. छत्तीस वर्षे! मादीच्या पोटातून मिळालेले ज्ञानही मातेपर्यंत पोहोचले नाही, कारण मधल्या साऱ्या दारांवर दुसरेच कोणी बसलेले होते.

आपल्याच साथींच्या दोन शंका

चळवळीतून दोन आक्षेप येतात, त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा की, संप्रेरकांची भाषा म्हणजे प्रतिगाम्यांच्या हाती कोलीत. आज झटक्याबद्दल बोलाल, उद्या ते म्हणतील स्त्रीची बुद्धीच पाळीने डळमळते. ही भीती निराधार नाही. बेकर ब्राउनची सुरी आपण पाहिलीच. पण तिच्यावरचा उपाय मौन हा नव्हे. विषमता शरीरातून निघत नाही. शरीरातील फरकाला जी किंमत समाज लावतो तिच्यातून ती निघते. पुरुषाच्या शरीराला प्रमाण मानून स्त्रीला त्याच मापाचे औषध देणे ही समता नव्हे. ती समतेच्या नावाने केलेली वगळणूक आहे. गिरणीत स्त्री-कामगारासाठी बाळंतपणाची रजा मागताना आपण शरीराचा फरक नाकारला होता काय? फरक मान्य करून हक्क समान मागणे, हीच आपली जुनी भूमिका आहे.

दुसरा आक्षेप असा की, रोजगार, पाणी आणि भाव हे प्रश्न पेटलेले असताना उंदरांची चर्चा कशाला? याला उत्तर आकडे देतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतील जवळजवळ ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि सर्वांत गरीब देशांत चारांपैकी तिघांना उपचारच मिळत नाहीत. आपल्या देशात तर कायद्यानेही या रोग्यांना छळले. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार ही विवाहाची अपात्रता म्हणून घालण्यात आली. ती काढण्यास १९९९ साल उजाडले. कायदा गेला, पण समाजाच्या मनातील कलम गेले नाही. झटका पुरुषाला आला तर तो आजार. लग्नाच्या मुलीला आला तर ते कुळाचे लांच्छन, आणि सासरी कळले तर माहेरी धाडण्याचे निमित्त. म्हणून ती रोग लपवते, गोळी लपवते, आणि पाळीचा विषय तर आधीच लपवलेला असतो. ही दोन लपवाछपवींची भर जेथे पडते, तेथे डॉक्टरपुढे अर्धे सत्यच जाते. रोजगार आणि भाव यांइतकाच हा पोटाशी आलेला प्रश्न आहे.

आपण काय मागावयाचे

आपल्या आरोग्यविषयक मागण्यांत पुढील गोष्टी आल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्राणिसंशोधनात दोन्ही लिंगांचा समावेश आणि निष्कर्षांची लिंगवार मांडणी ही कठोर अट असावी, आणि तिचे पालन झाले की नाही हे दरवर्षी जाहीर व्हावे. पेटंट नसलेल्या स्वस्त औषधांच्या चाचण्या सरकारी निधीतून व्हाव्यात; जे काम नफा करीत नाही तेच सार्वजनिक क्षेत्राचे काम असते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अपस्माराची औषधे विनाखंड व मोफत मिळावीत. मुली आणि तरुण स्त्रिया यांच्यासाठी व्हॅल्प्रोएटला पर्याय असावा आणि त्याच्या धोक्याची माहिती मराठीत लेखी दिली जावी. अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात, हे आपल्या कुटुंबनियोजनवाल्यांनी स्त्रियांना स्वतःहून सांगावे. केरळात १९९८ साली अपस्मार आणि गर्भारपण यांची नोंदवही सुरू झाली. तशी नोंदवही महाराष्ट्रातही व्हावी.

आणि एक काम असे आहे की त्यासाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. पाळीशी जोडलेला अपस्मार ओळखण्याचे पहिले साधन कोणतेही महागडे यंत्र नाही. ते साधन म्हणजे एक वही आहे. झटक्याची तारीख आणि पाळीची तारीख शेजारी शेजारी दोन-तीन महिने लिहिली, की पुष्कळदा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करावयाची नाही आणि मांत्रिकाकडे जावयाचे नाही. वही डॉक्टरसमोर ठेवावयाची आणि उत्तर मागावयाचे. आपल्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी आशा सेविकांच्या सोबतीने वस्तीवस्तीत या वह्या पोहोचवाव्यात.

प्रयोगशाळेने ज्या तारखा ‘गोंधळ’ म्हणून फेकून दिल्या, त्या आता स्त्रियांनी स्वतःच्या हाताने लिहून काढावयाच्या आहेत. विज्ञान त्या वाचावयास नकार देईल, तर ते कोणाचे विज्ञान आहे हे विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.